खाज थांबली म्हणजे गजकर्ण गेलं असं नसतं

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणारी तिशीच्या आतली, ठाणे जिल्ह्यात सासरी राहते, घरात नवरा, सासूबाई आणि लग्न ठरलेली नणंद. गेल्या पावसाळ्यात कमरेला परकराच्या नाडीखाली एक गोल लाल चट्टा उठला, मग जांघेत, मग मांड्यांवर. मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब लावली की दोन-तीन दिवसांत खाज बंद, ट्यूब सोडली की आठवड्याभरात परत आणि आधीपेक्षा जास्त. सासूबाई म्हणतात नागीण आहे, नाहीतर रक्त खराब आहे. नवरा रात्री स्वतः खाजवत असतो पण "मला काही नाही, घाम आहे" म्हणतो, आणि गुपचूप तीच ट्यूब वापरतो. ती एकदा स्किनच्या डॉक्टरांकडे जाऊन आली, पण पेपरवरचे 'लीजन', 'प्लाक', 'टिनिया इन्कॉग्निटो' हे शब्द घरी येऊन सर्च केले, कॅन्सरचे फोटो दिसले आणि घाबरून गोळ्या सुरूच केल्या नाहीत. नणंदेचं लग्न दोन महिन्यांवर आलंय, त्यानंतर बाळाचा विचार आहे. तिचा प्रश्न असा की आता घरात सांगून "हिच्यामुळे सगळ्यांना झालं" हे ऐकून घ्यायचं, की लग्न होईपर्यंत ट्यूबवर ढकलायचं?

---

आधी तुझी झोप उडवणारी गोष्ट बाजूला करू. लीजन म्हणजे कॅन्सर नाही गं. अंगावर जिथे जिथे कातडी नेहमीसारखी राहिली नाही त्या प्रत्येक जागेला डॉक्टर लीजन म्हणतात, मुरुम पण लीजन, चामखीळ पण लीजन, डास चावून आलेली गांध पण लीजनच. नुसता रंग बदललेला सपाट डाग असेल तर मॅक्यूल, बारीक उंचवटा आला की पॅप्यूल, असे उंचवटे पसरून हाताला लागेल असा जाडसर चट्टा झाला की प्लाक, पाणी भरलेली बारीक पुळी असेल तर व्हेसिकल आणि पू भरलेली असेल तर पस्ट्यूल. तुझ्या पेपरवर 'अ‍ॅन्युलर, एरिथेमॅटस, स्केली प्लाक्स' लिहिलंय, त्याचा अर्थ गोल कड्यासारखे, लाल, कोंडा सुटणारे जाडसर चट्टे. डॉक्टरांनी डोळ्यांना दिसलं ते लिहिलं, बस. टिनिया म्हणजे आपलं गजकर्ण, कुणी नायटा म्हणतात, कुणी दाद. अंगावरचं असेल तर टिनिया कॉर्पोरिस, जांघेतलं टिनिया क्रुरिस, पायाच्या बोटांमधलं टिनिया पेडिस, डोक्यातलं टिनिया कॅपिटिस, नखातलं टिनिया अंग्वियम. एकाच कुळातल्या बुरश्या, फक्त पत्ते वेगळे.

आता 'इन्कॉग्निटो'. हा शब्द मात्र तू लक्ष देऊन समजून घे कारण तुझ्या अख्ख्या पत्राचं उत्तर त्यात आहे. ज्या गजकर्णावर स्टेरॉइड लावून लावून त्याचा मूळ चेहराच बदलून गेलाय, त्याला टिनिया इन्कॉग्निटो म्हणतात. म्हणजे तुझ्या डॉक्टरांनी तुला नवा आजार नाही सांगितला, त्यांनी तुझ्या ट्यूबचं नाव न घेता ट्यूबबद्दलच लिहून दिलंय.

तू ट्यूबचा फोटो पाठवलास ते फार बरं केलंस. बारीक अक्षरात काय आहे ते मी वाचलं, त्यात बुरशी मारणारं एक औषध आहे, बॅक्टेरियाचं एक अँटिबायोटिक आहे जे गजकर्णाला काहीच करत नाही, आणि तिसरं क्लोबेटासोल. हे क्लोबेटासोल म्हणजे कातडीवर लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात जोरदार. स्टेरॉइड काय करतं, तर सूज, लाली आणि खाज खाली बसवतं. पण ती लाली आणि खाज म्हणजे तुझं शरीर बुरशीशी लढतंय त्याची खूण असते, ती लढाईच ट्यूबने थांबवली की तुला वाटतं आराम पडला, आणि बुरशीला वाटतं रान मोकळं. ती कातडीच्या वरच्या मेलेल्या थरातलं केराटिन नावाचं प्रथिन खाऊन जगते, खाली निवांत पसरते, मग तू ट्यूब सोडलीस की शरीर जागं होतं आणि चट्टा दुप्पट मोठा होऊन दिसतो. म्हणजे ट्यूब सोडल्यामुळे आजार वाढला असं नाही, ट्यूब लावत होतीस तेव्हाच तो वाढत होता, फक्त दिसत नव्हता.

तू लिहिलंयस की "मला हीच ट्यूब सूट होते". बाकी काहीही मान्य कर नको कर, पण हे एक वाक्य डोक्यातून काढून टाक. खाज थांबणं आणि आजार जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तू इतके महिने पहिलीलाच दुसरी समजत आलीयस. यात तुला बोल लावायचा नाहीये मला, खाजेने रात्र रात्र झोप नसेल तर माणूस जे हाताला लागेल ते लावणारच. शिवाय ही ट्यूब चिठ्ठीशिवाय तुझ्या हातात यायलाच नको होती. क्लोबेटासोलसारखी डझनभराहून जास्त स्टेरॉइड मलमं २०१८ मध्ये सरकारने शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायला परवानगी नाही. तरी काउंटरवर "खाजेचं काहीतरी द्या" म्हटलं की सर्रास मिळतात, आणि गल्लोगल्ली घरं याच चक्रात अडकलीत हे बघून मला खरंच राग येतो.

तुझ्या दुसऱ्या फोटोत मांडीच्या आतल्या बाजूला, जांघेपासून खाली उतरणाऱ्या जांभळट लाल रेषा आहेत, बोटाएवढ्या रुंद, आणि तिथली कातडी पातळ होऊन सुरकुतल्यासारखी चमकतेय. तू त्याला "खाजवून झालेले ओरखडे" म्हटलंयस. ते ओरखडे नाहीत. डॉक्टरांनी पेपरवर शेवटी 'स्ट्राय' लिहिलंय ना, ते हेच, स्टेरॉइडने कातडी आतून फाटल्याच्या खुणा. काळाने त्या पांढुरक्या होतील पण पूर्ण जाणार नाहीत. हे मी तुला घाबरवायला सांगत नाही, पण लग्नापर्यंत अजून दोन महिने ट्यूबवर काढायचे म्हणजे या रेषा अजून वाढवायच्या, ते तुला माहीत असूनच काय ते ठरव. त्याच फोटोत एका मोठ्या गोलाच्या आत दुसरा गोल दिसतोय बघ, तोही स्टेरॉइड लावलेल्या गजकर्णात हमखास दिसणारा प्रकार आहे.

नागिणीचं सांगते, सासूबाईंना समजवायला उपयोगी पडेल. नागीण म्हणजे हर्पिस झोस्टर, लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तोच व्हायरस मज्जातंतूंपाशी लपून राहतो आणि वर्षांनी परत उठतो. तिला आधी आग होते, ठणका लागतो, मग अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यात पाण्याच्या पुळ्यांचे झुबके येतात आणि पुळ्या दोन ते चार आठवड्यांत सुकतात. मागे ठणका काही जणांना राहतो तो भाग वेगळा. तुझं दोन्ही बाजूंना आहे, खाजतंय, कोंडा सुटतोय आणि आठ-नऊ महिने चाललंय, ही नागीण नाही. आणि नागिणीची दोन तोंडं जुळली की माणूस जातो हेही खरं नाही, तो पट्टा एका नसेच्या हद्दीत असतो म्हणून सहसा मधली रेघ ओलांडतच नाही. पण वाचणाऱ्यांपैकी कुणाला खरोखर नागीण उठली तर तोडगे करत बसू नका, तिची गोळी पहिल्या ७२ तासांत सुरू झाली तर सगळ्यात जास्त उपयोग होतो, आणि डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर पुळ्या दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

रक्त खराब असण्याचा तर इथे संबंधच नाही. ही बुरशी रक्तात जात नाही, कातडी, केस आणि नखं एवढंच तिचं राज्य. काढा पिऊन, वांगं आणि दही सोडून ती जाणार नाही. सासूबाई टाकळ्याचा पाला वाटून लावायचा म्हणतायत, जुन्या काळापासून लोक गजकर्णाला लावत आले ते मला माहितीये, पण स्टेरॉइडने आधीच पातळ झालेल्या तुझ्या कातडीवर कसलाही पाला, रुईचा चीक, ठेचलेला लसूण चोळू नको, लसणाने तर भाजल्यासारख्या जखमा होतात. टाकळ्याची भाजी खुशाल खा.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते. तू दोनच रस्ते धरलेस, एक तर सांगून दोष घ्यायचा नाहीतर लपवून लग्न पार पाडायचं. दोन्हीच्या मुळाशी तू असं धरून चाललीयस की हे तुझ्यापासून सुरू झालं. कशावरून? तूच पत्रात सहज लिहून गेलीस की सासूबाईंच्या पायाच्या अंगठ्याचं नख कित्येक वर्षं पिवळं, जाड आणि भुसभुशीत आहे. ते नखातलं गजकर्ण असण्याची बरीच शक्यता आहे. नवरा दिवसभर कंपनीत सेफ्टी शूज आणि जाड जीन्सवर असतो, कमरेला काळा करदोटा आहे जो आंघोळीनंतर कधीच नीट सुकत नाही. करदोटा तर बुरशीला बसायला आयती जागा, त्वचेचे डॉक्टर तो पहिला काढायला सांगतात. तेव्हा कुणाचं कुणाला लागलं हे आता कुणी सांगू शकणार नाही आणि ते शोधून उपयोगही नाही. हा अस्वच्छतेचा आजार नाही, दिवसातून दोनदा आंघोळ करणाऱ्यांनाही होतो, उलट आंघोळ करून ओल्या अंगावर घट्ट कपडे चढवले की जास्त होतो.

दुसरं म्हणजे लपवल्याने तू घराला वाचवत नाहीयेस. एकच टॉवेल, एकच दोरी, एकच बादलीत भिजवलेले कपडे, एकच गादी. नणंदेला लग्नाआधी लागू नये म्हणून तू गप्प आहेस असं लिहिलंस, पण तिला खरंच लागू द्यायचं नसेल तर तिला कळलंच पाहिजे. तिच्या काखेत किंवा ब्रेसियरच्या पट्ट्याखाली आत्ता एखादा चट्टा असेल आणि तीही लाजून तुझ्याच कपाटातली ट्यूब लावत असेल तर?

सांगायचं कसं, तर "मला झालंय" असं सुरू करू नको. "आपल्या घरात गजकर्ण आलंय, डॉक्टर म्हणाले सगळ्यांनी एकदम दाखवलं तरच जाईल" असं सांग. हे खोटंही नाही, एकाने औषध घ्यायचं आणि बाकीच्यांनी खाजवत बसायचं असं झालं की महिन्याभरात ते फिरून येतं. नवऱ्याशी मात्र एकट्यात बोल, आणि आजारावरून नको, ट्यूबवरून बोल. त्याला तुझ्या मांडीवरच्या रेषा दाखव आणि सांग की ही ट्यूब तूही लावतोयस, तुझ्या जांघेतही हेच होणार. त्याला घाम आहे असंच वाटत असेल तर घामाचंच दाखवायला चल म्हणावं. दोघांची अपॉइंटमेंट एकाच वेळची घे, पुरुष माणूस "तुझ्यासोबत आलोय" म्हणून यायला तयार होतो आणि एकदा आत गेला की दाखवतो.

सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीबाहेर 'त्वचारोग, गुप्तरोग व कुष्ठरोग' अशी पाटी असते, म्हणून तो तिथे उभा राहायला लाजतो असं लिहिलंयस. त्याला सांग की हे तिन्ही विषय एकाच शिक्षणात येतात, प्रायव्हेटमधल्या डॉक्टरांच्या डिग्रीतही तेच तीन शब्द असतात. त्या रांगेत मुरुमं दाखवायला आलेल्या कॉलेजच्या पोरी असतात, केस गळणारे असतात, वांग आलेल्या बायका असतात, इसब आणि सोरायसिसवाले असतात.

जाताना घरातल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून ने, अर्ध्या संपलेल्यासुद्धा. डॉक्टर कदाचित केओएच टेस्ट करतील, चट्ट्याच्या कडेचा कोंडा ब्लेडने हलकेच खरवडून काचेवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बुरशीचे धागे बघतात, दुखत नाही. सासूबाईंचं नखही तसंच तपासून घ्या, आणि त्यांची शुगर बरेच दिवसांत बघितली नसेल तर तीही, डायबेटिस असला की या बुरश्या लवकर हटत नाहीत.

उपचार लांबणार याची तयारी ठेव. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत जायचं ते गजकर्ण आता आपल्याकडे तसं राहिलेलं नाही. इथे पसरलेल्या एका बुरशीला २०२० मध्ये वेगळी जात म्हणून नाव मिळालं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. तिच्यातल्या बऱ्याच वाणांवर टर्बिनाफिन ही नेहमीची गोळी चालत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने न्यूयॉर्कमधल्या दोन बायकांना हीच बुरशी झाल्याचं जाहीर केलं. त्यातली एक २८ वर्षांची होती आणि डॉक्टरांकडे पोचली तेव्हा गरोदर, त्यामुळे गोळ्या बाळंतपणानंतरच सुरू करता आल्या. टर्बिनाफिनने तिला गुण आला नाही, मग इट्राकोनॅझोल हे बुरशीचं दुसरं औषध चार आठवडे दिल्यावर चट्टे गेले. तिची गोष्ट मी मुद्दाम सांगतेय, का ते पुढे येईलच.

पहिले काही दिवस सगळ्यात कठीण जातील. स्टेरॉइड बंद झाल्यावर खाज आणि लाली उसळून येते, तेव्हा तुला वाटेल नवीन औषधाने वाढलं आणि हात परत जुन्या ट्यूबकडे जाईल. तेवढ्यासाठी ती ट्यूब घरातच ठेवू नको. खाजेसाठी रात्री घ्यायची गोळी डॉक्टरांकडून आधीच लिहून घे. नवीन मलम साधं बुरशीचंच आहे ना, त्यात नावाच्या शेवटी 'सोन' किंवा 'सोल' असलेलं स्टेरॉइड तर नाही ना, हे तोंडाने विचार, नुसत्या नावावरून आपण ओळखायला जाऊ नये कारण क्लोट्रिमॅझोलसारखी बुरशीची औषधंही 'झोल'वरच संपतात. मलम चट्ट्याच्या मधोमध फासायचं नाही, बुरशी कडेला जिवंत असते, म्हणून कडेच्या बाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत लावायचं. बोटाच्या पेरावर ट्यूबमधून एक रेघ काढली तर ती दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. आणि चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टर म्हणतील तितके दिवस, साधारण दोन आठवडे तरी, पुढे चालू ठेवायचं. मागे राहिलेला काळपट डाग म्हणजे आजार नव्हे, तो हळूहळू फिका होतो, त्यावर स्टेरॉइडचं फेअरनेस क्रीम लावायला जाऊ नको.

कपड्यांचं: प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, आतले कपडे आणि टॉवेल गरम पाण्यात धुवायचे, उन्हात उलटे करून वाळवायचे. पावसात ऊन नसलं तर शिवणींवरून गरम इस्त्री फिरवायची, कमरेच्या पट्टीत आणि जांघेच्या शिवणीत बुरशी बसून राहते. तू घरात लेगिंग्ज घालतेस त्याऐवजी सैल कॉटनचं काहीतरी घाल, परकराची नाडी रोज त्याच जागी करकचून बांधू नको. करदोट्यावरून घरात वाद होणार हे मला दिसतंय, सासूबाईंना सांग की देवाचा मान राखून तो काढून ठेवू, बरं झाल्यावर नवीन बांधू. लग्नाचं म्हणशील तर आत्ता सुरू केलंस तर दोन महिन्यांत बराच फरक पडलेला असेल, आणि साडीखाली हल्ली घालतात तो घट्ट शेपवेअर पेटीकोट या वेळी टाळ, कॉटनचाच परकर शिव. हळदीला, मेहंदीला खुशाल बस, चट्टे कपड्याखाली झाकलेले असले की नुसता तुझा हात लागून सहसा कुणाला काही होत नाही, फक्त कपडे आणि टॉवेल कुणाशी बदलू नको.

हे वाचून ज्यांना आपलाही चट्टा आठवला असेल त्यांच्यासाठी दोन शब्द, कारण गोल दिसलं की सगळेच गजकर्णाची ट्यूब लावतात. चट्टा फिका किंवा लालसर आहे, अजिबात खाजत नाही आणि तिथे स्पर्श कमी कळतो, तर तो कुष्ठरोग असू शकतो, सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी आणि एमडीटीच्या, म्हणजे एकत्र घ्यायच्या अनेक औषधांच्या, गोळ्या फुकट मिळतात आणि वेळेत घेतल्या तर पूर्ण बरा होतो. दुधासारखा पांढरा डाग म्हणजे बहुधा कोड, तो कुणाला लागत नाही. छाती-पाठीवर पसरलेले भुरकट फिके ठिपके बहुतेक वेळा शिबं असतात. घरातले सगळेच रात्री बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर खाजवत असतील तर खरूज बघा, तिचं औषध पूर्ण वेगळं आणि सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायचं असतं. आणि एखादा तीळ आकार बदलतोय, काळा पडतोय, त्यातून रक्त येतंय असं असेल तर मात्र सर्च करत बसू नका, दाखवून या.

आता ती न्यूयॉर्कवाली मुलगी. तू बाळाचा विचार लग्नानंतर म्हणतेस, म्हणजे तारखा गोळ्यांच्या आसपासच येतात. इट्राकोनॅझोल गरोदरपणात देत नाहीत, म्हणून डॉक्टरांसमोर बसल्या बसल्या हे पहिलं सांग, पाळीची शेवटची तारीख सांग, थोडी जरी शंका असेल तर गोळी सुरू करायच्या आधी टेस्ट करून घे, आणि गोळ्या संपल्यावर किती महिने थांबायचं ते विचारून पेपरवर लिहून घे. ॲसिडिटीची गोळी रोज घेतेस असंही तू लिहिलंयस, तीही सांग, तिच्यामुळे इट्राकोनॅझोलची कॅप्सूल अंगी नीट लागत नाही. नवऱ्यालाही कोलेस्टेरॉलची किंवा हृदयाची काही गोळी चालू असेल तर त्याने सांगायची, काहींबरोबर ती चालत नाही. आणि दुसरी बाजूही बघ, आत्ता ट्यूबवर ढकललंस आणि मध्येच दिवस गेले, तर पोटातून घ्यायच्या गोळ्यांचा रस्ता तुला बाळंतपण होईपर्यंत जवळजवळ बंद होतो आणि नऊ महिने नुसत्या मलमावर ही खाज काढावी लागेल. तेव्हा नणंदेच्या लग्नाची खरेदी सुरू व्हायच्या आधी, याच आठवड्यात, दोघांचा नंबर लाव.